मिस्त्रींचं फडकं

ही हकिकत मी चाळीसहून अधिक वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण मला ती कोणी विचारलीच नाही. ज्यांना विचारायचा हक्क होता त्यांपैकी माझे मालक आबासाहेब गेले, माझी पत्नी सिंधू गेली. आणि ज्या माणसाची ही हकिकत आहे, त्याने मला एकदाच विचारलं होतं, तेही जेवता जेवता. त्याला मी काय उत्तर दिलं ते पुढे सांगतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या जुन्या मोटारींवर लिहितात. आबासाहेबांची निळी फ्रेंच गाडी हातोहात फिरत आता कुठल्याशा परदेशी संग्राहकाकडे गेली आहे, त्याने ती नव्यासारखी करून घेतली आहे आणि तिच्यावर एक पुस्तिका निघते आहे, असं त्या म्हणाल्या. तशा गाड्या सगळ्या जगात बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आहेत म्हणे. "गाडीबरोबर एक फाईल आली आहे. तिच्यात टाईप केलेलं एक पत्र आहे आणि खाली तुमची सही आहे. इंजिन मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे निकामी झालं, असं त्यात लिहिलंय. मेकॅनिकचं नाव दस्तगीर. त्यांचं पूर्ण नाव सांगू शकाल का? छापायचं आहे."

मी म्हणालो, लिहून पाठवतो. तेच आता लिहितो आहे. पण नाव सांगण्याआधी माणूस सांगितला पाहिजे.

दस्तगीर मिस्त्री सांगलीहून एसटीने साताऱ्याला यायचे. महिन्याचा दुसरा रविवार त्यांचा. खाकी कॅनव्हासची पिशवी खांद्याला, आत पाने, पकड, आणि वर एका फडक्यात बांधलेली भाकरी. आबासाहेबांच्या बंगल्यावर पोचले की माणसांकडे न बघता ते थेट मागच्या गॅरेजकडे जायचे. कडी काढायची, आत जाऊन गाडीच्या लांबलचक बॉनेटवर पालथा तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "कशी हायस, पाव्हणे?" मग कान तिच्याकडे लावायचा. जणू ती काही सांगणार आहे. त्यानंतर बाहेर येऊन पाणी मागायचे.

आबासाहेब एकदा व्हरांड्यातून म्हणाले, "मिस्त्री, आम्ही इथं उभे आहोत. आम्हाला रामराम नाही?"

"सरकार, तुमी घरचं," मिस्त्री म्हणाले. "ती पाव्हणी. परमुलखातनं आलीया. तिला आधी इचारलं पायजे."

गाडी खरोखरच पाहुणी शोभावी अशी होती. आबासाहेबांच्या वडिलांनी ती एका संस्थानिकाकडून घेतलेली. दोन दारं, मोरपंखी निळा रंग, चाकं अर्धी झाकणारी पाण्याच्या थेंबासारखी मडगार्डं. तिचं फ्रेंच नाव आम्हा कोणाला नीट उच्चारता येत नसे. मी आबासाहेबांचा खाजगी लेखनिक. मुंबईला आणि परदेशाला सुट्या भागांसाठी पत्रं टाईप करताना ते नाव मी शेकडो वेळा लिहिलं, पण तोंडाने कधी घेतलं नाही. फ्रान्सची असूनही तिचं स्टेअरिंग उजव्या बाजूला होतं. तिकडच्या उंची गाड्यांची तेव्हा तशीच रीत होती, हे मला पत्रव्यवहारात कळलं. मिस्त्रींना सांगितलं, तर ते हसले. "म्हंजी निघतानाच तिला ठावं हुतं कुणाच्या दारात यायचंय ते."

ते आमच्याकडे कसे आले, तेही सांगायला हवं. गाडीचे गिअर एकाएकी मेले होते. मोठ्या शहरांतले दोन मेकॅनिक येऊन गेले. त्या गाडीला आपल्याकडच्या गाड्यांसारखा गिअरचा दांडा नव्हता. स्टेअरिंगखाली काडेपेटीच्या काडीएवढी एक कळ होती आणि बाकी सगळं आत विजेवर चालायचं. दोघांनीही सांगितलं, गिअरची पेटी उतरवून परदेशी पाठवा. कोणीतरी सांगलीच्या खणभागातल्या या माणसाचं नाव सुचवलं. ते आले, दिवसभर गाडीखाली निजून राहिले, आणि संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी बंगल्यातले संपलेले बॅटरीचे सेल मागितले. सेल फोडून आतली कोळशाची कांडी काढली, कानशीने घासून तिचे छोटे ठोकळे केले आणि पेटीत झिजून गेलेल्या कार्बनच्या जागी बसवले. गाडी चालली. मुंबईहून खरे कार्बन यायला सात महिने लागले. तोवर ती परदेशी पेटी टॉर्चच्या सेलवर सुखात होती.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना हसवलं. ती काडीएवढी कळ पुढे जायला जशी चार गिअर देई, तशी जमिनीवरचा दिशा बदलायचा वेगळा दांडा फिरवला की मागे जायलाही चारच्या चार गिअर देई. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी अंगणाला उलट्या दिशेने तीन फेऱ्या मारल्या, त्याही चांगल्या वेगात. मान वळवून, एक हात सीटमागे टाकून. माळी झाडाआड पळाला. उतरल्यावर कपाळ पुसत ते म्हणाले, "सरकार, हिला माघारी जायला बी चार गिअर हायत. माणसाला येक धड न्हाई."

आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी.

माझ्याशी त्यांची विशेष गट्टी. वयाने ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, तरी मला "भाऊ" म्हणायचे. माझ्या खोल्या बंगल्याच्या आवारातच होत्या. दुपारचं जेवण आमच्याकडे. स्वतःची भाकरी ते सोडायचे नाहीत. ती ताटात ठेवून वर सिंधूचं कालवण घ्यायचे. येताना सिंधूसाठी सांगलीची हळकुंडं आणि भडंगाची पुडी आणायचे. सिंधू म्हणायची, "भावजी, एवढी हळद कशाला? वर्षाची झाली." ते म्हणायचे, "आवं वहिनी, आमच्या गावात मोजून हळद दिली तर लोक हसत्याल."

त्यांची बोलण्याची पद्धत अशी की यंत्राविषयी बोलत आहेत की माणसाविषयी, ते कळू नये. दार धाडकन लावणाऱ्याला म्हणायचे, "पाव्हणीचा हात पिरगाळू नगा." इंजिन गरम व्हायच्या आत कोणी जोर लावला तर, "झोपंतनं उठल्या उठल्या तुमी डोंगर चढता व्हय?" आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकली होती. गाडी उभी राहणार असेल तर तिच्यातलं पाणी काढून टाकायचं. रेडिएटरमधलं आणि इंजिनमधलंही, शेवटच्या थेंबापर्यंत. तिचे आतले रस्ते जुने आणि अरुंद, गंजून बुजले तर पुन्हा उघडायचे नाहीत. "उभ्या पाण्याला वाईट खोड," ते म्हणायचे. "गप बसल्यालं दिसतं, पर आतनं खात असतं."

आता मुख्य गोष्ट. पाणी काढलेली गाडी कोणी चुकून सुरू केली तर इंजिन जळणार. मिस्त्री तर महिनाभर सांगलीला. म्हणून पाणी काढलं की ते पिशवीतून लाल खारव्याच्या जाड कापडाचा एक तुकडा काढायचे आणि स्टेअरिंगला बांधायचे. ग्रीस लागून लागून तो काळपट झाला होता. गाठ त्यांची स्वतःची, दुहेरी, टोक आत खोचलेलं. फडकं आहे म्हणजे पाणी नाही. फडकं नाही म्हणजे गाडी तयार. आणि ते सोडायचं त्यांनीच, पाणी भरल्यावर. बंगल्यात हा नियम कुलपापेक्षा जास्त पाळला जाई. किल्ली गाडीलाच लावलेली असायची, पण फडकं दिसलं की कोणी दाराला हात लावत नसे. एकदा जिल्ह्याचे एक बडे अधिकारी आले आणि गाडीतून चक्कर मारू या म्हणाले. आबासाहेबांनी काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "आज जमणार नाही. मिस्त्रींनी बांधलंय." अधिकाऱ्यांना वाटलं, मिस्त्री म्हणजे घरातलं कोणी वडीलधारं माणूस असावं.

त्या वर्षी मिस्त्री नवरात्राच्या आधी आले. त्यांनी विचारलं, दसऱ्याला गाडी काढायची आहे का? आबासाहेब म्हणाले, नाही, जीपने जाऊ. मिस्त्रींनी पाणी काढलं. मी गॅरेजच्या दारात उभा होतो. कुठल्याशा पत्रात घालायच्या एका सुट्या भागाचं नाव त्यांना विचारत होतो. उत्तर देता देता त्यांनी फडकं बांधलं, गाठ ओढून पाहिली, टोक आत खोचलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा असे. तलवारी, बंदूक, नांगराचे फाळ, माझा टाईपरायटर, जीप, ट्रॅक्टर आणि गाडी. मांडामांड माझ्याकडे. सकाळी गॅरेजात मी एकटाच होतो. बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांपाशी लिंबं ठेवली, आणि झेंडूचा हार स्टेअरिंगला घालायला गेलो, तर तिथे ते ग्रीसचं फडकं. सणाच्या दिवशी, देवाच्या हाराखाली, असलं मळकं चिंधूक. मला ते बरं दिसेना. मी गाठ सोडली. सोडायला वेळ लागला, इतकी ती घट्ट होती. हार घातला आणि फडकं घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. मनात म्हटलं, दसरा झाला की हार काढायचा आणि फडकं परत बांधायचं. एका दिवसाचा तर प्रश्न.

दसऱ्याच्या दुपारी आबासाहेबांच्या मुलीला पाहून गेलेल्या घरातली दोन वडीलधारी माणसं अचानक आली. सोयरीक जवळजवळ ठरल्यातच होती. सीमोल्लंघनाला निघायची वेळ झाली आणि जीप दारात उभी राहिली, तेव्हा आबासाहेब एकदम म्हणाले, "पाहुण्यांना जीपमधून कुठं नेता? गाडी काढू." मी त्या वेळी देवघरात तबक भरत होतो. बाहेर आलो तेव्हा गाडी हारासकट पोर्चमध्ये उभी होती, इंजिन चालू होतं, आणि आबासाहेब हाक मारत होते, "चला लवकर, मागे बसा." मी तबक घेऊन मागच्या चिंचोळ्या जागेत बसलो. शेजारी एक पाहुणे, पुढे दुसरे. आपट्याची पानं आणायला यवतेश्वरच्या बाजूला जायचं होतं.

बाजार मागे पडला, तेव्हा पुढच्या पाहुण्यांनी गाडीचं कौतुक केलं. आबासाहेब खुशीत होते. म्हणाले, "गाडीपेक्षा आमचे मिस्त्री बघण्यासारखे आहेत. सांगलीचे. गाडी चालवायची नसली की स्टेअरिंगला फडकं बांधून जातात. या वेळी मी नको म्हणालो होतो, पण आज बघितलं तर फडकं नाही. न सांगता ओळखलं त्यांनी, की दसऱ्याला आम्हाला राहवणार नाही."

माझा हात खिशाकडे गेला. नवमीलाही हाच कोट होता. बोटांना ग्रीस लागलं.

घाट सुरू व्हायला अजून अर्धा मैल होता. 'आबासाहेब, थांबा' एवढे दोनच शब्द लागले असते. मी ते का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. पाहुण्यांसमोर आबासाहेबांचा पचका होईल असं वाटलं. नोकरीची भीती वाटली. आणि समोर तापमानाचा काटा दिसत होता, तो अगदी खाली शांत पडला होता. मी त्या काट्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता म्हणून ठेवला. नंतर मिस्त्रींनी तो काटा बोटाने दाखवत सांगितलं, "पाणीच न्हाई, तर ह्यो ताप कुणाचा सांगणार?"

तिसऱ्या वळणावर आधी वास आला. मग आतून कोणी घण घालावा तसा एक आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. वाफ नाही, धूर थोडाच. हारातली झेंडूची फुलं हलायची थांबली. पाहुणे उतरले आणि चालत परत निघाले. यवतेश्वरच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी खाली आणली. लोक सोनं लुटायला निघाले होते, ते रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते.

तार गेली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला नाही. उघडलं, खोललं, पाहिलं. इंजिनच्या हेडला भेग, पिस्टन तापून जाम झालेले. मग ते उठले आणि फडकं शोधू लागले. सीटखाली, पायपुसण्याखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात, सुकलेल्या हाराच्या आत. मोडलेल्या इंजिनकडे कोणी बघेना, सगळे या शोधणाऱ्या माणसाकडे बघत राहिले.

"मिस्त्री, फडकं नव्हतं," आबासाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"बांधलं हुतं, सरकार."

"मग गेलं कुठं? स्टेअरिंगला कोणी हात लावलाय का?" आबासाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. हार मीच घातला होता, पण त्याखाली तेव्हा काय होतं नि काय नव्हतं, हे माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

"बांधलं हुतं," मिस्त्री पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

दुपारी ते नेहमीप्रमाणे आमच्याकडे जेवायला आले. मी नको म्हणू शकलो नाही. ते भिंतीशी, खुंट्यांखाली पाटावर बसले. त्यांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर माझा कोट टांगलेला होता. सिंधूने कालवण वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"भाऊ," ते म्हणाले, "मी बांधलं तवा तुमी दारात हुता की. कागद घिऊन. तुमी बघितलं न्हवं?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, मिस्त्री."

ते माझ्याकडे पाहत राहिले. संशयाने नव्हे. आठवायचा प्रयत्न केल्यासारखे. मग म्हणाले, "व्हय. तुमी कागदात हुता." आणि जेवू लागले.

आठवड्याने आबासाहेबांनी मुंबईच्या एका दलालाला गाडी विकण्याविषयी पत्र लिहायला सांगितलं. "इंजिन कशाने गेलं ते कारण घाला," एवढंच ते म्हणाले. वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मेकॅनिकचा निष्काळजीपणा हे शब्द माझे. दस्तगीर हे नावही मीच घातलं, कारण नाव घातलं की गोष्ट खरी वाटते. ज्या टाईपरायटरची मी त्या नवमीला पूजा केली होती, त्याच्यावरच.

कोट धुवायला काढताना सिंधूला खिशात फडकं सापडलं. "हे भावजींचं ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "हो. असू दे." तिने ते धुतलं नाही. कागदात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलं आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण पुढे दर दसऱ्याला सगळ्यांना सोनं वाटून झाल्यावर ती आपट्याचं एक पान देवापाशी वेगळं ठेवायची. कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

मिस्त्री पुन्हा साताऱ्याला आले नाहीत. त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं, बोलावलंही नाही. जुन्या गाड्या बाळगणारी घरं आपल्याकडे थोडी आणि सगळी एकमेकांच्या ओळखीची. फडकं बांधायला विसरलेल्या मिस्त्रीची गोष्ट त्या घरांतून फिरली. नंतर कळलं की ते गुऱ्हाळांची इंजिनं आणि विहिरीवरचे पंप दुरुस्त करतात.

पुढे मी निवृत्त झालो आणि मुलाकडे सांगलीला राहायला आलो, विश्रामबागेत. तिथून खणभाग रिक्षाने पंधरा मिनिटांवर. ही पंधरा मिनिटं कापायला मला चार वर्षं लागली. सिंधू गेली, त्याच्या पुढच्या दसऱ्याला देवापाशी पान ठेवायला कोणी नव्हतं. तेव्हा मी ट्रंकेतलं फडकं काढून खिशात घातलं आणि निघालो.

मिस्त्री दारातच खुर्चीवर बसले होते. वाळलेले, पण डोळे तेच. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले. "भाऊ! आवं, किती वर्सं!" सिंधूचं कळल्यावर बराच वेळ माझा हात हातात धरून बसले. मग मुलीला हाक मारली, "शबाना, च्या टाक. आन् गॅस बंद केलास का बघ." ती आतून म्हणाली, "अजून लावलाच न्हाई, अब्बा." ते हसले, पण थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. बोलता बोलता उठून कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. बसले आणि पुन्हा उठून ओढून पाहिलं.

"ही खोड लागली बगा," ते म्हणाले. "माझा माझ्यावर भरवसा न्हाई ऱ्हायला. तुमच्या त्या गाडीच्या येळंपासनं."

मी खिशात हात घातला.

"तवा मला लय वाटायचं, की बांधलं हुतं. छातीवर हात ठिवून सांगत हुतो. पर मग इचार केला. दर महिन्याला बांधायचो न्हवं? मागल्या खेपंचं बांधल्यालं आन् ह्या खेपंचं, डोळ्यापुढं येकच दिसतंय. तुमी बी हुता तिथं, तुमाला बी दिसलं न्हाई. म्हंजी न्हाईच बांधलं. इसरलो मी. पाव्हणी माझ्या हातानं गेली."

फडकं माझ्या मुठीत होतं. बाहेर काढायचं होतं, एवढंच. त्या माणसाचे हात त्याला परत करायचे होते. शबाना चहा घेऊन आली. मी मूठ सोडली आणि कप घेतला.

निघताना त्यांनी विचारलं, "कुठं हाय आता ती?" मी म्हणालो, "माहीत नाही." ते म्हणाले, "जिथं आसंल तिथं कुणीतरी पाणी काढत असंल म्हना."

पुन्हा येतो म्हणालो आणि गेलो नाही.

पुण्याच्या बाईंचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खणभागात गेलो. वय त्र्याऐंशी, मुलगा एकटं सोडायला तयार नव्हता, तरी गेलो. शबानाने ओळखलं. मिस्त्रींना जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने मला त्याच खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "अब्बा तुमची लय आठवण काढायचे, काका. म्हणायचे, त्या येळंला सगळ्यांनी बोल लावला. येकट्या भाऊंनी लावला न्हाई."

मी तिलाही तेव्हा काही सांगू शकलो नाही. तिच्या घरातून निघालो तेव्हा तिने मला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

म्हणून हे लिहिलं. एक प्रत पुण्याच्या बाईंना जाईल. त्यांनी पत्रातलं ते वाक्य छापू नये, आणि छापायचंच असेल तर निष्काळजी माणसाच्या जागी माझं नाव घालावं. दस्तगीर मिस्त्रींचं नाव जिथे टॉर्चच्या सेलने गिअर चालवल्याचं येईल, तिथे घालावं. दुसरी प्रत मी शबानाला स्वतः वाचून दाखवणार आहे, फडक्यासकट. गाठीच्या जागी त्याला अजून चुण्या आहेत. ती बघेल.

पण या दोन्ही प्रती ज्याच्या हातात जायला हव्या होत्या, त्याला जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. त्या दिवशी चहा येण्याआधी सांगून झालं असतं. मी ते रिक्षात पाठ करत गेलो होतो, ते असं:

मिस्त्री, तुम्ही विसरला नव्हता. फडकं तुम्ही बांधलं होतं, गाठ ओढून बघितली होती, टोक आत खोचलं होतं. मी दारात होतो, माझं लक्ष होतं. सोडलं मी. मला माफ करा.